दोन वितींची बाज

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, आई घरी आली आणि तिनं पाणी पिणं सोडलं. दिवसभरात दोन-चार घोट, तेही गोळ्या गिळण्यापुरते. तहान लागत नाही म्हणायची. खरं कारण बायकोनं ओळखलं. कळंबहून मी हौसेनं आणलेला बॉक्सपलंग एवढा उंच होता, की कुणी धरल्याशिवाय आईला उतरताच येत नव्हतं. लघवीला जायचं तर हाक मारावी लागे. हाक मारायला नको, म्हणून पाणीच नको. डॉक्टर मला रागवायचे, मी तिला रागवायचो, आणि ती पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत बसायची.

एक दिवस म्हणाली, "मला बाज करून दे. बाभळीची. दोन वीत उंच. माझं मी उठीन."

साखर कारखान्यात जन्म फिटर म्हणून गेला, आणि निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सुतार झालो. वादळात पडलेली बांधावरची बाभूळ तिथंच दोन वर्षं वाळत होती. बायकोला वाटलं होतं ती शेवटी चुलीतच जाणार. मी त्याच दिवशी करवत काढली. वीत म्हणजे नऊ इंच, हे शाळेपासून पाठ. म्हणजे पाय अठरा इंचांचे. वाळलेली बाभूळ लई हट्टी, पटाशीला तीनदा धार लावावी लागली. पण एकही खिळा न मारता, पायांना भोकं पाडून आडवी लाकडं मी त्यात ठोकून बसवली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावून बघितली, दोन्हीकडून तंतोतंत भरली. मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवली. नवारीची पट्टी बायकोनं विणली. माझ्यापेक्षा घट्ट ओढली, आणि तेही चारदा ऐकवलं.

आईला आणून बसवलं. तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत राहिले.

"कुणाच्या वितीनं मोजलीस रं?"

"आई, वीत सगळ्यांची नऊ इंचच असती."

"व्हय का? मग ही बघ." तिनं शेजारी पडलेल्या फळीवर पंजा ठेवला. संधिवातानं वाकलेली बोटं धड पसरतही नव्हती. मी टेप लावला. साडेसात इंच.

"बाज ज्याची त्याच्या वितीनं करतेत. तुझ्या बापाची बाज त्यांच्या वितीची व्हती. म्या कधी निजले का तिच्यावर?"

खरंच, नव्हती निजली. आयुष्यभर ती खाली सतरंजीवर निजली आणि मी, तिचा एकुलता एक पोरगा, कधी विचारलं नाही. मिलिमीटरचा हिशेब सांगत सगळ्यांवर खेकसणारा मी, आईच्या हाताचं माप त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. मला माझीच लाज वाटली.

बाज उलटी केली आणि चारही पाय तीन-तीन इंच कापले. बायकोनं कापलेले तुकडे उचलून चुलीपाशी नेले.

दुपारी बाज घरात आणून आईला पुन्हा बसवलं. या वेळी तळवे फरशीवर सपाट टेकले. तिनं दोन्ही हातांनी बाजेचं लाकूड धरलं. बायको पुढं झाली.

"हात लावू नका कुणी."

एकदा उठायला गेली, परत बसली. दुसऱ्यांदा ती उठली. वॉकर धरून एकेक पाऊल टाकत माठापर्यंत गेली, पेला बुडवला आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं.

मग आमच्याकडं न बघता तिनं दुसरा पेला भरला.