डाव्या विंगेतलं स्टूल

वीस वर्षं मास्तर डाव्या विंगेत स्टुलावर बसून बाईंना वाक्यं पुरवत आले होते. एका हातात नाटकाची वही, दुसऱ्यात इवलीशी बॅटरी. वहीवरचा उजेड उसळून त्यांच्या झुबकेदार मिशांवर पडे. बाई अडखळल्या की मास्तर कुजबुजत, आणि पुढच्याच क्षणी ते वाक्य रंगमंचावर झळाळून उठे! टाळ्या बाईंना पडत. त्यातल्या मूठभर मास्तर गुपचूप आपल्या खिशात टाकत.

त्या संध्याकाळी बाईंचा अंबाडा बांधता बांधता त्यांची धाकटी बहीण सहज बोलून गेली, "मास्तर, ताईशी बोलायचं तर या बाजूनं या. डावा कान लहानपणापासून ठार बहिरा आहे तिचा."

"डावा? अहो, मग वीस वर्षं मी कुणाला सांगत होतो? पडद्याला?"

"इश्श! मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

पहिली घंटा झाली. मास्तरांनी स्टूल उचललं आणि तडक उजव्या विंगेत नेऊन आपटलं. आज तरी आपला शब्द पोचलाच पाहिजे!

तिसऱ्या अंकात, ऐन भांडणात, बाई थबकल्या. मास्तर पुढे झुकून कुजबुजले, "हे घर माझंही आहे!"

बाई अशा दचकल्या, जणू कानाशी फटाका फुटला. होतं नव्हतं तेही विसरल्या. आणि नजर? ती डाव्या विंगेत काहीतरी शोधत होती!

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चपला तिथंच टाकून ते मागच्या पडद्याआडून धावत सुटले. दोरखंडाला अडखळले, पुठ्ठ्याच्या झाडावर आदळले, पोचले! बॅटरी तोंडावर धरली. धापेमुळे आवाज फुटेना. नुसते ओठ हलले. बाईंनी ते पाहिले, आणि वाक्य असं कडाडलं की शेवटच्या रांगेतली माणसं ताठ बसली.

पडदा पडताच बाई तरातरा आल्या. "उजवीकडून कोण मेलं बडबडत होतं? आणि तुम्ही कुठं कडमडला होतात? तुमचे ओठ दिसले नाहीत तर मी बोलू काय, कपाळ?"

"ओठ?"

"मग! आवाज कुणाला हवाय तुमचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आरशासमोर उभे राहून ओरडले, "अगं, कात्री आण! लवकर!"

"अगंबाई! लग्नाच्या आधीपासून जपलेली मिशी?"

"ओठ झाकतेय ती! संध्याकाळी प्रयोग आहे माझा!"