गजांतून जाणारं वाण

दिवसभर बाहेरून कुलूप, तरी आतून फोडणीचा वास येतो, असं घर तुमच्या गल्लीत आहे का?

आमच्या पाथर्डी फाट्याच्या कॉलनीत आहे. नवरा कामावर जाताना कुलूप लावतो. आतल्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आई आणि मी वाण द्यायला गेलो, तर तिनं सवयीनं पदर सावरून कपाळ खिडकीच्या गजांना टेकवलं. आईनं कुंकू लावलं. वाणाचा स्टीलचा डबा मात्र गजांतून आत जाईना.

"कुलूप का गं?" आईनं विचारलं.

"यांना काळजी वाटते," ती हसली. "पुढच्या वर्षी चपटं काहीतरी आणा, काकू."

कॉलनीनं ऐकलं. पुढच्या संक्रांतीला बायकांनी तिला कंगवे दिले. कुलपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "त्यांच्या घरातलं आहे," एवढंच.

आता नवऱ्यानं खिडकीला बारीक जाळी ठोकली आहे. तिच्यातून कंगवाही जात नाही, कुंकवाचं बोटही नाही.

यंदा आई वाण म्हणून मोठी परात घेऊन जाणार आहे, थेट दारापाशी, तो घरी असताना. तुमच्या गल्लीतही असं दार असेल, तर चारजणांना सोबत घ्या आणि ती स्वतः बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका.