बिनकामाचा मालक

सॅक्रामेंटोच्या आमच्या चिनी गल्लीत माक सिकहिनसारखा आचारी दुसरा नव्हता. त्याचं बदक खाताना गोरी गिऱ्हाइकंसुद्धा हाडं चोखत बसायची. पण बायको गावी, चीनमध्ये. अमेरिकेचा कायदा असा, की चिनी मजुराची बायको येऊ शकत नाही, व्यापाऱ्याची येते. मग कोर्टाने ठरवलं, खाणावळीचा मालकही व्यापारीच. अट एवढीच, त्याने वर्षभर हाताने काम करायचं नाही.

आम्ही खाणावळीच्या भागीदारांनी सिकहिनला मालक केलं. कोट घालून तो गल्ल्यावर बसला आणि चुलीवर मी.

"फूतदादा, तेल जळतंय!" तो बाहेरून ओरडायचा.

"मालक, ओरडणं हेही कामच. गप बसा."

गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

ताम यिकपोई मात्र रोज यायचा, टोमणे मारायला. त्याचा जन्म इथलाच, म्हणजे पक्का अमेरिकन नागरिक. नुकताच गावी जाऊन लग्न करून आलेला. "आम्हाला असली सोंगं करावी लागत नाहीत. मी बोलावलं की बायको हजर. तू बस अंडी उबवत!"

वर्ष सरलं. साक्षीला गोरेच लागत. आमचा गोरा खाटीक शपथेवर म्हणाला, "या माणसाला वर्षभरात काडीचंही काम करताना मी पाहिलेलं नाही." परदेशातून येणाऱ्यांना परवाना देणारा साहेब खूश! आमच्यापैकी कुणाचं सरकारदरबारी झालेलं तेवढंच कौतुक.

दोघांच्या बायका एकाच बोटीने निघाल्या आणि बोट समुद्रात असतानाच कायदा बदलला. दोघींनाही बंदरातल्या बेटावर डांबलं. काही महिन्यांनी निकाल लागला: चिनी व्यापाऱ्याची बायको आत, अमेरिकन नागरिकाची चिनी बायको परत.

सिकहिनची बायको त्याचे मऊ हात बघून घाबरली. "आजारी होतात का हो?"

दुसऱ्याच दिवशी तो चुलीवर परतला. आता कोट घालायची पाळी माझी; माझीही बायको गावीच होती.

यिकपोई पडेल चेहऱ्याने आला. "दादा, नागरिकत्व सोडता येतं का? मलाही भागीदार करा. वर्षभर काही म्हणजे काही करणार नाही."

"ते तर तू जन्मापासून करतोयस," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. मलाही नंतर कसंसंच झालं.

पुढे काही वर्षांनी कायद्याने पुन्हा कूस बदलली आणि त्याची बायको आली. तोवर यिकपोईला टक्कल पडलं होतं. बंदरावर आम्ही सगळेच तिला घ्यायला गेलो होतो. तिने सरळ जाऊन सिकहिनपुढे मान लववली.

"अगं, मी इकडे," यिकपोई म्हणाला.