शिट्टीमास्तरांचे डोळे

चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे बाई तपासत, आणि लोक तपासणीच्या खुर्चीवर बसून बिनदिक्कत खोटं बोलत. कोणाचे डोळे वाचनाने दुखत, कोणाचे उन्हाने, कोणाचे म्हणे घराण्यातच नाजूक. तोंडाने हे सांगत असतानाच मांडीवरचा फोन उजळला की नजर तिकडे गेलीच म्हणून समजा. मग बाई हातातलं भिंग खाली ठेवत आणि गप्प बसून वाट पाहत. त्यांची ही वाट पाहण्याची तऱ्हा दुकानाच्या मालकांना मुळीच आवडत नसे. गिऱ्हाईक ओशाळतं, अशी त्यांची तक्रार. बाईंना वाटे, ओशाळलं तर बरंच की. पण ओशाळतंय कोण?

एकदा एक चांगला दाढीमिशांचा बाप्या बायकोचा हात धरून आला. उजेड टोचतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, डोकं ठणकतं. सगळी सुट्टी पडद्यावर राक्षस मारण्यात गेली होती, हे त्याने नव्हे, बायकोने सांगितलं. बाई म्हणाल्या, खेळताना अधूनमधून पापण्या मिटत जा. त्यावर त्याने विचारलं, "मिटल्या आणि तेवढ्यात मेलो तर?" बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की बायकोच खाली बघायला लागली.

बाहेर काउंटरवर मालक अशा लोकांना निळसर चमकणाऱ्या काचांचे चष्मे विकत. या काचा लावल्या की पडद्याचा त्रास होत नाही, असं ते इतक्या गोड आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला आपण औषधच घेतोय असं वाटावं. बाईंचा त्या काचांवर काडीचा विश्वास नव्हता. डोळा कोरडा पडतो तो पापणी न मिटल्यामुळे, त्याला रंगीत काच काय करणार? पण लोकांना सवय सोडायची नसते, वस्तू घ्यायची असते, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. अक्कल घरी ठेवून आलेल्या माणसाला काय विकायचं ते मालकांनी बघावं, अशी त्यांनी कामाची वाटणी करून टाकली होती.

आता बाईंच्या यजमानांविषयी. ते एका शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि सगळी शाळा त्यांना शिट्टीमास्तर म्हणत असे. गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेलं कपाळ, आणि नजर अशी की मैदानाच्या पार त्या टोकाला कोणी मित्राच्या पायात पाय घातला तर इकडून शिट्टी वाजायची. टीव्हीसमोर बसणाऱ्या मुलांना ते भिजलेली पोती म्हणत. पालकसभेत उभं राहून त्यांनी अनेक बापांना सुनावलं होतं, पोरांना मैदानावर पाठवा, नाहीतर त्यांचे पाय फक्त पलंगावरून खाली सोडण्यापुरते उरतील. बाईंना नवऱ्याचं जे काही आवडत होतं त्यात हा तुच्छतेचा सूर पहिला होता. दोघांचं त्यावर जमलेलं होतं. जेवताना दुनियेला नावं ठेवायची, हा त्यांचा संसारातला खरा विरंगुळा.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा जावयाने त्यांना गेमचा कन्सोल भेट दिला. जावई माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक दुःखावर वायर लावून चालणारा उपाय सुचत असे. बाबांचा वेळ जाईल, असं तो म्हणाला. मास्तर हसले आणि खोक्याकडे त्यांनी मेलेल्या पालीकडे पाहावं तसं पाहिलं. लेक-जावई गेल्यावर दोघांनी मिळून जावयाची यथेच्छ टिंगल केली. खोकं कपाटावर गेलं.

ते खाली केव्हा उतरलं, बाईंना कळलं नाही. एक दिवस दुकानातून लवकर आल्या तर भर दुपारी पडदे ओढलेले, आणि मास्तर टीव्हीपासून हातभर अंतरावर, स्टुलावर, पाठीची कमान करून बसलेले. पडद्यावर फुटबॉलचा सामना. ज्या माणसाने उभं आयुष्य खऱ्या पोरांना खऱ्या चेंडूमागे पळवलं, तो आता अंगठ्यांनी बाहुली पळवत होता. बाई आल्याचं त्यांना कळलंही नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "जरा बघत होतो, काय असतं ते."

बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावली.

मग ते रोजचंच झालं. सकाळचं फिरणं आधी उशिरा, मग नावापुरतं, मग बंद. मास्तरांचे डोळे लाल दिसू लागले. बाहेर उजेडात आले की ते कपाळाला आठ्या घालत, समोरून येणाऱ्या शेजाऱ्याला ओळख न देता पुढे जात. विचारलं तर म्हणत धूळ आहे, म्हणत वय झालं, म्हणत झोप नीट लागत नाही. बाईंना हे सगळं पाठ होतं. हीच खोटी कारणं त्या खुर्चीवर रोज येऊन बसत होती. एका शब्दाने त्यांनी विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बाईंचा बाणा असा की दुखतंय त्याने आधी कबूल करावं. ज्याला साधी पापणी मिटण्याची शुद्ध राहत नाही, त्याच्या मागे मी का धावू? तो येईल दुकानात, बसेल खुर्चीवर, तेव्हा बघू.

मास्तर दुकानात आले नाहीत. एका संध्याकाळी बाई घरी आल्या तर मास्तरांच्या नाकावर नवा चष्मा होता. निळसर, चमकणारा. रस्त्याच्या त्या टोकाच्या दुसऱ्या दुकानातून आणलेला.

बाईंना आधी हसू आलं, मग अंग तापलं. नवऱ्याने दारू प्यायला सुरुवात केली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं. ज्या काचांवर हसत त्यांनी इतकी वर्षं काढली, त्या काचा त्यांच्याच घरात, त्यांच्याच माणसाच्या नाकावर, आणि त्याही परक्या दुकानातल्या! "छान दिसतो," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी कौतुक खरं मानलं की मानून घेतलं, कोण जाणे. त्या रात्रीपासून जेवताना दुनियेला नावं ठेवणं बंद पडलं. बाईंना आता नावं ठेवायला लांब जावं लागत नव्हतं.

शाळेच्या क्रीडादिनाला मास्तरांना बोलावणं आलं. शर्यतींच्या शेवटच्या रेघेपाशी पंच म्हणून तेच उभे राहत, निवृत्तीनंतरही मान त्यांचाच. नव्या मुख्याध्यापिका त्यांच्याच हाताखाली धावलेल्या. मास्तरांनी शिट्टी गळ्यात घातली. पण निघायच्या आधी सकाळभर ते स्टुलावर होते. बाईंना रेघेसमोरच्याच रांगेत खुर्ची मिळाली. आजूबाजूला आईबाप दाटीने बसले होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर फोन धरलेला. पोटची पोर समोर धावतेय आणि हे तिला तळहाताएवढ्या काचेत बघताहेत! बाईंनी नाक मुरडलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

मोठ्या मुलींची शर्यत लागली. शेवटच्या टप्प्यात दोघी पुढे निघाल्या, एक दोन वेण्यांची, एक आखूड केसांची. अगदी खांद्याला खांदा. रेघेवर आखूड केसांच्या मुलीची छाती आधी गेली, वीतभर पुढे. मास्तरांनी शिट्टी वाजवली, डोळे चोळले, आणि हात केला तो वेण्यांच्या मुलीकडे.

कुजबुज झाली. आखूड केसांची मुलगी धापा टाकत मास्तरांकडे नुसती बघत राहिली. मुख्याध्यापिकांनी पालकांना विचारलं, कोणी चित्रण केलंय का? केलं होतं सगळ्यांनीच. एकाच्या फोनमध्ये फक्त स्वतःच्या मुलीचं नाक, एकाच्या फोनमध्ये पुढच्याचं कोपर, एकीच्या फोनवर रेघ येण्याआधीच बोट आलेलं. एवढी गर्दी जमली होती शर्यत पाहायला, आणि ती पाहिली कोणीच नव्हती. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या की सरांचा निर्णय तोच आपला निर्णय.

बाई उभ्या राहिल्या. "आखूड केसांची आधी आली."

मास्तर वळले. त्यांचे डोळे वाहत होते. "कशावरून?"

"मी पाहिलं. तुम्हाला दिसलं नाही."

मैदानावर कोणी हसलं नाही, तेच वाईट झालं. मग वेण्यांची मुलगी पुढे आली आणि हळूच म्हणाली की हो सर, ती माझ्या पुढे होती, मला माहीत आहे. मास्तरांनी मान हलवली, निर्णय बदलला, आणि शिट्टी गळ्यातून काढून मुख्याध्यापिकांच्या हातात दिली. बाकीच्या शर्यती एका तरुण शिक्षकाने पाहिल्या.

घराच्या दारातून आत आल्यावर मास्तर म्हणाले, "चारचौघांत बोलायला नको होतंस."

"मग त्या पोरीचं काय करायचं होतं? तिने हरायचं होतं, तुमच्या त्या डब्यापायी?"

मास्तर स्टुलावर बसले. टीव्ही बंदच होता. म्हणाले, "मला गेले कित्येक दिवस धुरकट दिसतंय. एका दिव्याचे दोन दिसतात."

"माहीत आहे मला."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या खुर्चीवर बसलो असतो तर माझ्याकडेही तसंच पाहिलं असतंस. गिऱ्हाइकांकडे पाहतेस तसं."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "हो, पाहिलंच असतं." पण आपल्या नवऱ्याने आपल्याला चुकवून दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी, आणि तिथल्या कुठल्याशा पोरीने त्याला गोड बोलून काचा चिकटवाव्यात, यात आपलाही हात होता, हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही. त्यांनी तो फार वेळ केलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले आणि इतर गिऱ्हाइकांसारखे बाकावर बसून राहिले. नंबर आल्यावर खुर्चीवर बसले. बाईंनी एकेक डोळा नीट पाहिला. आत काही बिघाड नव्हता, डोळ्याचा पडदा स्वच्छ, दाब ठीक. वरचा पाण्याचा थर तेवढा सुकून गेला होता, तापलेल्या तव्यावरचा सुकतो तसा. वाचायच्याच नंबरच्या त्या निळ्या चष्म्यातून नको त्या अंतरावरचं बघत राहिल्याने डोक्याला ताण पडला होता, तो वेगळा.

"डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "वापरणाऱ्याचं सांगता येत नाही."

मास्तर बऱ्याच दिवसांनी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी थेंब दिले, योग्य अंतराच्या काचा लिहून दिल्या, स्टूल मागे सरकवायला सांगितलं आणि पडदे उघडे ठेवायला. निळ्या चष्म्याचं काय करू, असं मास्तरांनी विचारल्यावर त्यांनी मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नातीच्या बाहुलीला द्या.

डोळे हळूहळू निवळले. मास्तरांनी गेम काही सोडला नाही. संध्याकाळी जरा वेळ, भिंतीला खुर्ची टेकवून, समोरच्या संघावर मनसोक्त आरडाओरडा करत ते खेळत. बाईंना हे कधीच पटलं नाही, पण सकाळचं फिरणं परत सुरू झालं होतं, तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं. शाळेने पुढच्या वर्षी रेघेवर कॅमेरा लावला. मास्तरांना बोलावणं आलं ते पाहुणे म्हणून, पुढच्या रांगेत. ते गेले. हात मांडीवर ठेवून बसले आणि प्रत्येक शर्यतीचा निकाल कॅमेऱ्याच्या आधी बाईंच्या कानात सांगत राहिले. एकदा चुकले. बाईंनी लगेच दाखवून दिलं.

त्यानंतर जावई आला तो नवं खोकं घेऊन. यावेळी डोळ्यांवरच बांधायचं यंत्र होतं, पट्टा मागून आवळायचा म्हणजे चारी बाजूंनी पडदाच पडदा, असं तो उत्साहाने समजावू लागला. बाईंनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. जावयाचं लग्न झाल्यापासून त्या एक वाक्य मनात घोळवत होत्या आणि आज त्याचा मुहूर्त आला होता. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी खोकं उचललं आणि जावयाच्या मांडीवर ठेवलं.

"हे तू घाल," ते म्हणाले. "आणि घातलंस की माझ्या घरात आपटत फिरू नकोस, पलीकडे मैदान आहे."

बाईंना आपलं वाक्य गिळावं लागलं. ते जास्त चांगलं होतं, असं त्यांनी लेकीला नंतर स्वयंपाकघरात सांगितलंही. मग बाहेर येऊन जावयाला आणखी चहा हवा का म्हणून विचारलं, आणि रात्री जेवताना, पाहुणे गेल्यावर, दोघांनी मिळून पुन्हा दुनियेला नावं ठेवली.