देवघरातला वायरलेस अडॅप्टर

आपली फजिती आपणच सांगावी, म्हणजे दुसऱ्याला तिखटमीठ लावायची संधी उरत नाही. ऐका तर!

धुळ्याला लेकीकडे नातीचे बारसे होते. कंबरेमुळे मला प्रवासाची मनाई. म्हणून ठरले, की मी रचलेला पाळणा बाराच्या मुहूर्तावर एरंडोलहूनच, संगणकावरून म्हणायचा. माझा मोबाइल जुना, बटणांचा. त्यात कोण दिसणार?

संगणक देवघरात, वाय-फायचे यंत्र बैठकीत, आणि वायर पोचेना! तेव्हा शेजारच्या कांतिलालशेठच्या दुकानातून बोटाच्या पेराएवढा वायरलेस अडॅप्टर आणला.

"नाना, लावून देऊ का?" शेठ म्हणाले.

"अहो, ज्याने गावाचे सप्ताह पार पाडले, त्याला एवढे जमणार नाही?"

साडेअकराला जोडला. दिवा नाही, की नेटवर्क नाही! काढला, पुन्हा खोचला. संगणक आपला ध्यानस्थ!

इतक्यात लेकीचा फोन. "नाना, ड्रायव्हर टाकला का?"

"टाकला. संगणक दोनदा बंद करून चालूही केला. मालच खोटा आहे!"

"बायका जमल्यात, नाना. तुमच्या पाळण्याशिवाय मी नाव ठेवणार नाही हं!"

मग काय विचारता! खिडकीतूनच गर्जना केली, "शेठ, म्हातारा पाहून नासका माल दिलात?"

शेठ धावत आले. त्यांनी अडॅप्टर काढून झटकला. टपकन एक थेंब त्यांच्या तळहातावर!

"नाना, याले पानी लागनं का?"

"पाणी? छे! गंगाजल!"

"काय?"

"अहो, बाजारातून आलेली वस्तू न्हाऊ घातल्याशिवाय आमच्या देवघरात येते का? नारळ येतो? सुपारी येते? तांब्यात चांगला तीनदा बुडवून घेतला!"

शेठ मटकन पाटावरच बसले. आमच्या सौभाग्यवती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

बाराला चार मिनिटे! शेवटी शेठनीच आपल्या मोबाइलवर लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि तो माझ्यासमोर धरून उभे राहिले. मी डोळे मिटून पाळणा म्हटला, तिकडे नातीचे नाव ठेवले गेले. शेठचा हात अवघडला. पण त्याहून अधिक, हसू दाबून त्यांचे पोट अवघडले असावे.

संध्याकाळी शेठ नवा अडॅप्टर घेऊन आले. मी हात पुढे केला, तर देईनात!

"नाना, एक अट शे. तुमना देवघरमा सगळे देव रोज न्हावोत. याले मात्र पारोसंच बसू द्या!"