कृष्णात चौगुलेंच्या ट्रकचा सर्व्हो

गाडी वळत नाही म्हटलं की कृष्णात चौगुलेंच्या डोक्यात तिडीक जायची. निम्मं आयुष्य त्यांनी एसटी चालवण्यात घातलं होतं. उजवा खांदा गेला तसं डेपोनं त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. माईकवर गाड्या पुकारायच्या आणि दिवसभर त्याच त्या प्रश्नांवर खेकसायचं, एवढंच काम राहिलं.

अशात, २००६ साली, त्यांचा भाचा राजवर्धन नोकरीसाठी परदेशी गेला आणि आपला रिमोटवरचा रेसिंग ट्रक मामाकडं ठेवून गेला. हातभर लांब, बॅटरीवर सुसाट पळणारा. कबनूरच्या हंबीरराव लूमवाल्यांनी आपल्या मोकळ्या रानात असल्या गाड्यांसाठी मातीचा ट्रॅक केला होता. रविवारी तिथं शर्यती लागत. कृष्णातराव एकदा नुसते बघायला गेले आणि पुढच्या रविवारी ट्रक काखोटीला मारूनच हजर झाले.

वळण आलं, त्यांनी रिमोटचं चाक डावीकडं फिरवलं, आणि ट्रक सरळ जाऊन कडेच्या टायरांत घुसला. उचलून परत सोडला, परत टायरांत.

"हे काय मुकं जनावर हाय व्हय? वढलं तरी वळंना!" ते ओरडले. रानातली सगळी माणसं हसली.

खोट सर्व्होत होती. सर्व्हो म्हणजे रिमोटचा इशारा मिळताच पुढची चाकं वळवणारी, मोटर आणि दातेरी चाकं पोटात असलेली लहानशी डबी. भाच्यानं ट्रकला मोठी चाकं चढवली होती, पण सर्व्हो छोट्या गाडीचाच ठेवला होता. त्याला ती चाकं रेटत नव्हती.

गडहिंग्लजला बसवेशचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तो बेंगळुरूहून असले स्पेअर मागवायचा. कृष्णातराव रजा टाकून तिकडं गेले.

"सगळ्यात दांडगा सर्व्हो दे."

"देतो री मामा, लोखंडी दातांचा. पण सेव्हर बी बदला." बसवेशनं स्प्रिंग असलेला एक तुकडा पुढं केला. "हा सर्व्हो आणि चाकांच्या मधी बसतो. चाक दगडावर आपटलं की स्प्रिंग दबती, दणका सर्व्होच्या दातांपर्यंत जात न्हाई. तुमचा जुना लई मऊ असणार."

"स्टेअरिंगमधी स्प्रिंग? अरं, ढिलं स्टेअरिंग म्हंजे मरान! नको मला तुजा सेव्हर."

घरी येऊन बघतात तर जुना सेव्हर नव्या सर्व्होवर बसेना. सर्व्होच्या दांड्याला पंचवीस दाते, सेव्हरच्या भोकात तेवीस. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. कृष्णातरावांनी सगळ्या कंपन्यांना एका दमात शिव्या घातल्या आणि पुन्हा गडहिंग्लज गाठलं.

"त्या दिवशीचा खपला. ह्याचं दातं जुळत्यात, पण हा बी मऊच हाय," बसवेश म्हणाला. "कडक स्प्रिंगचा येणार हाय. जरा थांबा की."

"थांबून थांबून खिडकीत बसलोय न्हवं! दे हाय तो."

अपेक्षेप्रमाणे सर्व्हो फिरायचा, स्प्रिंग दबायची आणि चाकं जागच्या जागी. मग त्यांनी पाना घेतला आणि सेव्हरचा नट आवळत नेला, स्प्रिंग पार मुकी होईपर्यंत. आता ट्रक असा वळला, की कृष्णातरावांनी मांडीवर थाप मारली. रविवारी ते पुढं होते. हंबीररावांचा ट्रक मागं राहिला होता. तेवढ्यात वळणाच्या आतल्या अंगाला वर आलेल्या दगडावर पुढचं चाक आदळलं. कर्रर्र आवाज आला. डबी उघडली तर आतल्या चाकाचे दाते साफ झडलेले.

त्यांनी तिथूनच बसवेशला फोन लावला. "लोखंडी दातं म्हनालास की रं! पीठ झालं त्येंचं!"

"नट किती आवळलाव मामा?"

"पुरा!"

आता बसवेशचाही आवाज चढला. "एवढं सांगूनसुद्धा? एसटीचं चाक खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंग हाताला कसा हिसका देतंय, ते तुमाला मी सांगायचं व्हय री?"

कृष्णातरावांना आपली शेवटची एसटी आठवली. आंबोलीच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं होतं, स्टेअरिंग गरकन फिरलं होतं, आणि त्यांनी ते सोडलं नव्हतं. गाडी रस्त्यावर राहिली. खांदा राहिला नाही. त्यांनी फोन खिशात घातला आणि ट्रक उचलून स्टँडची वाट धरली.

बसवेशनं कडक सेव्हर आणि दुसरा सर्व्हो पाठवला. त्या संध्याकाळी कृष्णातरावांनी बायकोला, बनाबाईंना, सोप्यात बसवून ट्रकची पुढची चाकं धरायला लावली.

"घट्ट धर."

"आनि किती घट्ट? चुलीवर आमटी हाय माजी!"

त्यांनी रिमोट फिरवला. सर्व्हो घूं घूं करत कण्हला, म्हणजे स्प्रिंग अजून जास्त आवळलेली. नट जरा सैल केला. मग चाकं मोकळी सोडली की झोकात वळायची आणि बनाबाईंनी धरली की स्प्रिंग दबायची, सर्व्हो मात्र गप्प. एवढं जमेपर्यंत आमटी करपली. बनाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

रविवारी त्याच दगडावर ट्रक पुन्हा आदळला. चाक वाकडं झालं, लगेच सरळ आलं आणि ट्रक पळत राहिला. चौथा नंबर आला, पण शर्यत पहिल्यांदाच पुरी झाली.

हंबीरराव जवळ येऊन म्हणाले, "चौगुले, तो दगड काडून टाकतो बगा. सगळ्यांच्याच गाड्या मोडायल्यात."

"हात लावू नकासा!" कृष्णातराव भडकले. "हितं रजा संपल्या, घरात बायको बोलंना, तवा कुटं त्या दगडाचं माप मिळालंय मला. आनि आता तुमी तोच काडताय व्हय?"

दगड राहिला. शर्यत हरणारे त्यानंतर दगडाबरोबर कृष्णातरावांनाही शिव्या देऊ लागले.