वर केलेलं बोट

आमच्या केस कापायच्या दुकानाचा एकच कायदा आहे. दाढी चालू असताना गिऱ्हाइकाने बोट वर केलं की वस्तरा तिथल्या तिथे थांबतो. शिंक येवो, खोकला येवो, नाहीतर हसू येवो. तोंडभर फेस आणि गळ्यावर पातं असलेला माणूस बोलणार काय, म्हणून हे बोट. हा कायदा बाबांच्या वडिलांनी घातला आणि बाबांनी तो असा पाळला की त्यांच्या हातून कुणाला साधा ओरखडा आल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांची मुलगी. पडद्याच्या पलीकडे बायकांचे केस कापते. पडदा कापडाचाच असल्यामुळे अलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि मी कान बंद करून कात्री चालवणाऱ्यातली नाही.

बाबांचं नाव दाढीपेक्षा वेगळ्याच कामासाठी झालं होतं. गावात नवा विनोदी सिनेमा लागला की शनिवारी सकाळी माणसं दारातून डोकं आत घालायची. "काय मालक, थिएटरात जाऊन बघण्यासारखा आहे का?" बाबांची उत्तरं ठरलेली. 'जा', 'घरी बघा', किंवा 'झोप काढा'. एवढंच. पुढे एक शब्द नाही. मारामारीचा सिनेमा कुठेही बघा, असं त्यांचं म्हणणं होतं, पण हसायला माणसं लागतात. घरी एकट्याने हसलं की आपलं आपल्यालाच कसंतरी होतं.

गंमत म्हणजे बाबा स्वतः हसत नाहीत. वस्तरा हातात असताना हसायचं नाही, हे त्यांना लहानपणी एवढं बजावलं होतं की ते पार हाडीमाशी खिळलं. विनोद कळतो, आवडतो, पण चेहरा ढिम्म. मग सिनेमाची पारख कशी करायची? तर घड्याळकाकांवरून. शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. दर शुक्रवारी दोघं आपापली दुकानं बंद करून पहिल्या खेळाला जायचे. आई म्हणायची, "यांचं हसू त्या घड्याळवाल्याकडे गहाण पडलंय." आई गेली, पण ते गहाण काही सुटलं नाही.

काकांचं हसू होतंही तसंच. आधी आवाजच नाही. खांदे हलायचे, मान आत जायची, पोट गदगदायचं, आणि शेवटी नळाला हवा आल्यासारखा एक बारीक सूर निघायचा. आमच्या जुन्या थिएटरात लाकडी खुर्च्यांची अख्खी रांग एकाच लोखंडी पट्टीवर ठोकलेली होती. काका हसले की ती रांग थरथरायची आणि बाबांना ते पाठीत कळायचं. बाबा पडद्याकडे बघत बसायचे आणि पाठीने काकांना ऐकायचे. पाठ हलली तर 'जा', नाही हलली तर 'झोप काढा'. इतकी वर्षं हा हिशेब चुकला नाही.

मग थिएटरचं रूप पालटलं. प्रत्येकाला वेगळी, मऊ, मागे रेलणारी खुर्ची आली. काकांच्या सुनेला तिथेच खाण्याच्या काउंटरवर काम मिळालं. काका आनंदाने सांगायला आले तेव्हा बाबांनी त्यांची दाढी फुकट केली आणि मी चहा पाजला. आम्हीच कौतुक केलं, याची मला अजून चीड येते.

त्यानंतर बाबांची पारख चुकायला लागली. 'जा' म्हटलेल्या सिनेमाला जाऊन माणसं तोंड पाडून परत यायची. पहिल्यांदा कुणी बोललं नाही. माणसाचं होतं एखाद्या वेळी इकडे तिकडे. बाबा मात्र बेचैन झाले. "तो तर पोट धरून हसला गं," ते मला म्हणायचे. "मी ऐकलं ना माझ्या कानांनी."

कानांनी! पाठीने नाही. हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

मग बस चालवणारे ड्रायव्हरसाहेब आले. जुनं गिऱ्हाईक, तोंडाने फटकळ. त्यांच्या सासूबाई मोठ्या आजारातून उठल्या होत्या आणि घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. ड्रायव्हरसाहेबांनी आधी बाबांना विचारलं, बाबांनी 'जा' म्हटलं, आणि मग त्यांनी सासूबाईंना कशीबशी समजूत घालून, रजा टाकून, हाताला धरून थिएटरात नेलं.

"मालक," ते आरशातून बाबांकडे बघत म्हणाले, "म्हातारी घरी येऊन म्हणते, जावईबापू, झोपायलाच न्यायचं होतं तर माझी उशी तरी घ्यायची होती. आता दाराबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणते, बाहेर काही उरलं नाही बघण्यासारखं."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी गेलोच नसतो. तुमच्या शब्दावर गेलो."

बाबांनी त्यांची दाढी पूर्ण केली आणि चेहरा पुसला.

पुढच्या शुक्रवारी दोघं पुन्हा गेले. शनिवारी काका नेहमीसारखे दाढीला येऊन बसले. बाकावर ड्रायव्हरसाहेब होतेच, पेपर चाळत. मी पडद्याआड फणी धूत होते. बाबांनी फेस लावला, डाव्या हाताने काकांची हनुवटी वर धरली, वस्तरा गळ्यावर ठेवला आणि कालचा सिनेमा सांगायला सुरुवात केली. मी पाणी बंद केलं. बाबा सिनेमा कधीच सांगत नाहीत.

"काल तो हिरो नर्सचे कपडे घालून दवाखान्यातून पळतो, तुला फार आवडलं ना ते? डॉक्टर त्यालाच इंजेक्शन द्यायला सांगतो. तो सुई घेऊन पुढे जातो, तर पेशंट म्हणजे त्याचाच सासरा. आणि मग तो खिडकीतून उडी मारतो ती थेट कपड्यांच्या दोरीवर."

मी पडदा बाजूला केला. काकांचा गळा बाबांच्या बोटांखाली होता. त्यात काही हललं नाही. ज्या प्रसंगाला काल अख्ख्या थिएटरात सगळ्यात मोठ्याने हसले होते, त्याला काका थंड बसले होते. बहुतेक दुसराच काही विचार करत असावेत. मग आपण हसायला हवं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि त्यांनी बोट वर केलं.

बाबांनी वस्तरा उचलला. कायदा म्हणजे कायदा. काका तोंड उघडून मोठ्याने हसले, हा हा हा, पहिल्यापासूनच आवाज. खांदे जागच्या जागी. तो नळाचा सूर कुठेच नाही.

"पुरे," बाबा म्हणाले.

काकांनी तोंड मिटलं.

"कधीपासून?"

काकांनी आरशात बघायचं टाळलं. फेस सुकायला लागला होता. "मॅनेजर म्हणाला, गर्दी नसेल तर काउंटर बंद करावं लागेल. म्हणाला, तुमचा मित्र नुसतं 'जा' म्हणाला तरी हॉल भरतो. पोराला काम नाही रे. सुनेच्या एकटीच्या जिवावर घर चाललंय."

"मला सांगायचं होतंस."

"तू खोटं 'जा' म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला राहवलं नाही. "काका, सुनेसाठी हसलात ते समजेल हो. पण आत्ता ते बोट कशाला वर केलंत? गळ्यावर वस्तरा असताना आमच्याच दुकानात आम्हालाच फसवलंत? लाज नाही वाटली?"

"तू आत जा," बाबा मला म्हणाले. मी नाही गेले.

बाबांनी ब्रश पुन्हा ओला केला, फेस पुन्हा लावला आणि उरलेली दाढी केली. हात जराही थरथरला नाही. तुरटी फिरवली, गळ्यातलं कापड झटकलं. काका दाराशी थांबले, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. बाबांनी पुढच्या माणसाला खुणेने खुर्ची दाखवली.

तेव्हापासून शनिवारी कुणी डोकावलं की बाबा सांगायचे, "मी आता सिनेमे बघत नाही." माणसं हळहळायची, काही जण कुजबुजायचे. शुक्रवारी बाबा दुकान उघडं ठेवून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचे. मला वाटायचं, मित्र मेला असता तर परवडलं असतं, निदान रडता तरी आलं असतं. हा तर भिंतीपलीकडे बसलेला, त्याच्या घड्याळांची टिकटिक आम्हाला ऐकू येतेय, आणि आमच्यापुरता तो संपलेला. मी त्यांच्या गाळ्यावरून जाताना मान वळवून जायची.

बरेच दिवस काका दाढी वाढवून हिंडले. मग एका सकाळी मुकाट्याने येऊन खुर्चीत बसले. सून आता दुसरीकडे कामाला लागली होती, एवढंच बोलले. बाबांनी कापड बांधलं, फेस लावला आणि वस्तरा चालवायला घेतला. मला वाटलं, झालं, मिटलं. मला ते मिटायला नको होतं, पण बाबांचा चेहरा बघून मी जीभ आवरली.

बाकावर ड्रायव्हरसाहेब होते. त्यांचं आपलं नेहमीचं चालू होतं. "अहो, काल काय झालं. मी झोपेत करकचून ब्रेक दाबला. बायको पलंगावरून खाली! ती ओरडली, अहो, काय झालं? मी झोपेतच म्हणालो, शेवटचा स्टॉप, सगळ्यांनी उतरून घ्या. तर ती उशी घेऊन खरंच हॉलमध्ये झोपायला गेली. तिथे सासूबाई जाग्या होत्या. त्यांना सगळं कळलं तशा हसल्या की हो, केवढ्यांदा! म्हणतात, जावईबापू, हे तिकीट लावून दाखवा, मी येते."

मला हसू फुटलं. आणि मी बघितलं, काकांचे खांदे हलले. मान आत जायला लागली. आवाज नव्हता. कापडाखालून त्यांचा हात बाहेर आला आणि बोट वर झालं.

बाबांनी ते बोट बघितलं. समोरच्या आरशात, अगदी स्पष्ट बघितलं. वस्तरा थांबला नाही.

फेसात एक लाल रेघ उमटली आणि खाली ओघळली. बाबांनी वस्तरा ठेवला, तुरटी घेतली आणि जखमेवर दाबून धरली.

"खरंच आलं होतं रे हसू," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"असेल," बाबा म्हणाले. "मला आता ओळखू येत नाही."